घनता पास, रस्ता नापास : काळ्या मातीवरच्या मुरमाचं एक प्रकरण

पश्चिम विदर्भात राज्य रस्त्याला फुटून एका गावाकडे जाणारा 2.4 किलोमीटरचा रस्ता. मूळची बैलगाडीची पांदण, दोन्ही बाजूंना कपाशी-तुरीची वावरं, मध्ये एक उथळ नाला. मेच्या शेवटच्या आठवड्यात डांबर पडलं. ऑगस्ट संपेपर्यंत साखळी 0/900 ते 1/400 (सुरुवातीपासून 900 मीटर ते 1 किलोमीटर 400 मीटर) या पाचशे मीटरमध्ये चाकाच्या दोन्ही पट्ट्या 40 ते 60 मिलिमीटर खाली बसल्या, पट्ट्यांच्या बाजूचं डांबर फुगून वर आलं आणि कडेला रस्त्याला समांतर लांब भेगा पडल्या. उरलेला 1.9 किलोमीटर रस्ता धडधाकट होता. ठेकेदार एकच, रोलर एकच, डांबर तेच, आणि गाड्याही त्याच.

हे प्रकरण शिकण्याच्या सोयीसाठी रचलेलं आहे. आकडे कुठल्या एका कामाच्या नोंदवहीतून उचललेले नाहीत. या भागातल्या मुरमाला आणि काळ्या मातीला साजेसे धरलेले आहेत. गणित मात्र खरं आहे, वाचताना पडताळून पाहता येईल.

रस्त्याची रचना साधी होती. खाली काळी माती, तिच्यावर 7.5 मीटर रुंदीत 300 मिमी दाबलेल्या मुरमाचा सबग्रेड (वरच्या थरांचा पाया), त्यावर 150 मिमी जीएसबी (पाणी वाहून नेणारा दाणेदार थर), 75-75 मिमीचे खडीकरणाचे दोन थर आणि वर 20 मिमी कार्पेट. जाडी ठरवताना सबग्रेडचा सीबीआर (प्रमाण खडीच्या तुलनेत मातीची ताकद किती टक्के, तो आकडा) 7 धरला होता. ग्रामीण रस्त्यांच्या आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस) एसपी 72 या निकषांत 7 ते 9 हा वर्ग ‘चांगला’ समजला जातो, 2 म्हणजे अगदीच वाईट.

फाइल काय म्हणत होती

फाइल देखणी होती. मुरमाची लाइट प्रॉक्टर चाचणी (ठोकून माल जास्तीत जास्त किती घट्ट बसतो आणि त्याला किती ओल लागते ते पाहणारी), म्हणजे आयएस 2720 भाग 7 : 2.6 किलोची ठोकणी, 310 मिमी उंचीवरून, तीन थर, प्रत्येकी 25 ठोके. कमाल कोरडी घनता 1.86 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर (घसेमी), ओएमसी, म्हणजे ही कमाल घनता देणारी ओल, 12.5 टक्के. जागेवर कोअर कटरने (मातीत ठोकून नमुना काढायचं नळकांडं) केलेल्या बारा चाचण्या, सगळ्या 100.2 ते 102 टक्क्यांमध्ये. ग्रामीण रस्त्याच्या सबग्रेडला लाइट प्रॉक्टरच्या 100 टक्के घनता लागते, म्हणजे बाराच्या बारा पास. सीबीआर 17. पाहिजे होता 7, मिळाला 17. मग शंका कोण घेणार?

तीन गोष्टी मात्र खटकण्यासारख्या होत्या. मुरूम हा कारखान्यातून निघालेला माल नव्हे. एकाच खदानीत दहा पावलांवर तो बदलतो. अशा मालाच्या बारा चाचण्या दोन टक्क्यांच्या पट्ट्यात बसत असतील तर माल फार एकसारखा आहे, किंवा चाचणीत काहीतरी फार एकसारखं चुकतंय. दुसरी गोष्ट, 300 मिमीच्या थरासाठी जवळपास 5,400 घनमीटर मुरूम लागला होता आणि फाइलीत प्रॉक्टर एकच होता. तिसरी, सीबीआरच्या कागदावर ‘96 तास भिजवून’ ही ओळ नव्हती. तिचं न असणं वाचायला शिकावं लागतं.

खड्डे

पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात तीन ठिकाणी एक मीटर बाय एक मीटरचे खड्डे घेतले : 0/600 (चांगला भाग), 1/050 आणि 1/250 (दोन्ही बसलेल्या भागात). खड्डा जेसीबीने घेऊ नये. बकेट सबग्रेड ढिला करते आणि मग आपण घनता मोजत नाही, बकेटने केलेलं नुकसान मोजतो. डांबर आणि खडीचे थर पहार-कुदळीने काढायचे, प्रत्येक थराची जाडी चारही बाजूंना मोजायची, सबग्रेडचा माथा ब्रशने साफ करायचा आणि ओलीचा नमुना तेव्हाच डबीत बंद करायचा. ऊन लागलं की अर्ध्या तासात वरचा सेंटिमीटर सुकतो.

थरांच्या जाडीत चोरी नव्हती. तिन्ही खड्ड्यांत पाच-दहा मिलिमीटरचा फरक, तो चालतो. म्हणजे ‘कमी माल टाकला’ हा गावातला सर्वात आवडता निष्कर्ष पहिल्याच दिवशी बाद झाला.

फरक दिसला तो मुरमात. 0/600 ला करडा-तपकिरी, हातात करकरणारा, दगडी कण असलेला मुरूम. 1/250 ला पिवळसर. मुठीत दाबला तर मूठ उघडल्यावरही गोळा तसाच, बोटाला चिकटणारा. बेसाल्ट वरून खाली झिजत जातो. काळ्या मातीच्या लगेच खाली सगळ्यात जास्त कुजलेला पिवळा, चिकणमातीचा मुरूम असतो. दोन-तीन मीटर खाली गेलं की खरा कडक मुरूम लागतो, त्याच्याही खाली काळा दगड. खदानीची भिंत पाहिल्यावर उलगडा झाला. पोकलेनने आधी खोल खणलं, मग खाली दगड लागल्यावर खदान बाजूला वाढवली आणि त्या वाढवण्यात वरचा पिवळा थर सरसकट ट्रकमध्ये गेला. तो माल जिथे पडला तो पट्टा म्हणजे 0/900 ते 1/400. पुढे समजायला सोपं जावं म्हणून खालच्या मालाला ‘अ’ आणि वरच्या पिवळ्याला ‘ब’ म्हणू.

(रंगावर मात्र जाऊ नये. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकधी लालभडक गेरूचा पट्टा सापडतो. दिसायला झक्क लाल मुरूम, प्रत्यक्षात चिकणमाती. लाल म्हणजे चांगला हे समीकरण कोकणात ठीक असेल, इथे नाही.)

प्रत्येक खड्ड्यातून पाच गोण्या, म्हणजे सव्वाशे किलो माल घेतला. हे जास्त वाटेल, पण हिशोब करा : प्रॉक्टरच्या पाच बिंदूंना सहा-सहा किलो, सीबीआरच्या एका साच्याला पाच किलो, तीन वेगवेगळ्या ओली, भिजवून आणि न भिजवता, प्रत्येकी तीन साचे. एकदा ठोकलेला मुरूम परत वापरायचा नाही, कारण ठोकणीखाली कुजका दगड फुटतो, बारीक वाढतं आणि पुढच्या बिंदूला माल वेगळाच असतो. नमुना वाचवण्यासाठी तोच माल पाण्याचा शिपका मारून पुन्हा पुन्हा ठोकणं ही छोट्या प्रयोगशाळांची जुनी खोड आहे.

वर्गीकरणाच्या चाचण्यांत अ चा लिक्विड लिमिट (माती पातळ होऊ लागते ती ओल) 29, प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती लवचीक राहते तो ओलीचा पल्ला) 9, 75 मायक्रॉनखाली 14 टक्के, फ्री स्वेल (पाण्यात फुगण्याचं प्रमाण) 10 टक्के. ब चे तेच आकडे अनुक्रमे 46, 23, 31 आणि 40. फ्री स्वेलची चाचणी इतकी सोपी आहे की ती तालुक्याच्या ठिकाणीही टाळण्याचं कारण नाही : 425 मायक्रॉनमधून चाळलेली 10 ग्रॅम कोरडी माती एका 100 मिलीच्या नळकांड्यात पाण्यात, तेवढीच दुसऱ्यात रॉकेलमध्ये, 24 तासांनी पातळी वाचायची. ब ने रॉकेलमध्ये 10 मिली आणि पाण्यात 14 मिली जागा घेतली. भरावासाठी माती नाकारण्याची हद्द 50 टक्के आहे, लिक्विड लिमिटची 70 आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्सची 45. म्हणजे ब एकाही कलमाखाली नापास होत नाही. हद्दीच्या आत असणं आणि सबग्रेडला चांगलं असणं यांत अंतर आहे, आणि हा रस्ता नेमका त्या अंतरात फसला.

101 टक्क्यांची उकल

ब ची नव्याने लाइट प्रॉक्टर केली : कमाल घनता 1.80, ओएमसी 15.0 टक्के. म्हणजे फाइलीतला 1.86 हा आकडा या पाचशे मीटरला लागूच नव्हता. मग ज्या मालाची कमाल घनताच 1.80 आहे त्यात मे महिन्यात 1.87 मिळाली कशी?

1/250 ची मूळ नोंद अशी : कटरमधल्या ओल्या मातीचं वजन 2,085 ग्रॅम, घनफळ 1,000 घसेमी, ओल 11.5 टक्के. ओली घनता 2.085, तिला 1.115 ने भागलं की कोरडी 1.870. भागिले 1.86, म्हणजे 100.5 टक्के. पास.

आता कटर हातात घेऊन मोजला. आतला व्यास 100 मिमी, उंची 130 मिमी. घनफळ 1,021 घसेमी येतं, 1,000 नाही. ‘एक लिटरचा कटर’ असं तोंडी म्हणतात ते नोंदीत उतरलं आणि प्रत्येक चाचणीला 2.1 टक्के फुकटचे मिळाले. नवा कटर आला की व्यास-उंची मोजून घनफळ त्याच्या अंगावरच रंगाने लिहून ठेवावं. कडा झिजल्या की पुन्हा.

दुसरी चूक जास्त पसरलेली आहे. ओल रॅपिड मॉइश्चर मीटरने, म्हणजे कॅल्शियम कार्बाइडच्या बाटलीने काढली होती. ती बाटली ओल्या वजनाच्या टक्केवारीत ओल दाखवते. माती-चाचणीत ओल कोरड्या वजनावर मोजतात. 11.5 चं रूपांतर करायला 11.5 भागिले 88.5, म्हणजे 13.0 टक्के. ते केलंच नव्हतं. शिवाय चिकट ढेकळं बाटलीत पोलादी गोळ्या टाकून फोडली नाहीत तर पावडर आतल्या ओलीपर्यंत पोचत नाही आणि आकडा आणखी कमी येतो. मुरमात तर सहा ग्रॅमच्या चिमटीत दगडही येत नाही आणि ढेकूळही येत नाही. ओव्हन किंवा निदान वाळूवर तवा ठेवून अर्धा किलो नमुना सुकवणं बरं.

दोन्ही सुधारून : 2,085 भागिले 1,021 म्हणजे 2.042, भागिले 1.130 म्हणजे 1.807. अ च्या घनतेशी तुलना केली तर 97.2 टक्के, म्हणजे नापास. पण त्या जागी अ नव्हताच, ब होता. ब च्या 1.80 शी तुलना केली तर 100.4 टक्के.

म्हणजे कटरचं घनफळ चूक, ओलीचं मोजमाप चूक, तुलनेचा प्रॉक्टर चूक, आणि तीन चुका एकमेकींना खोडून निकाल जवळजवळ बरोबर. सबग्रेड खरोखरच पुरेसा दाबलेला होता. रोलरवाल्याचा दोष नव्हता. इथेच बहुतेक चौकशा थांबतात, कारण घनता सापडली की सगळ्यांना हायसं वाटतं.

कटर मुरमात वापरणंच मुळात चूक, हेही सांगायला हवं. धारेखाली 15-20 मिमीचा खडा आला की तो एकतर माती ढकलतो किंवा बाहेर निघून पोकळी सोडतो. मुरमाला सँड रिप्लेसमेंट (खड्डा माहीत घनतेच्या वाळूने भरून त्याचं घनफळ काढायचं), तेही 200 मिमीच्या मोठ्या सिलिंडरने. ऑक्टोबरच्या खड्ड्यांत तेच केलं. 1/250 ला खड्ड्यातून निघालेला ओला माल 9,644 ग्रॅम, भरलेली वाळू 6,815 ग्रॅम, वाळूची घनता 1.45. घनफळ 4,700 घसेमी, ओली घनता 2.052. ओव्हनची ओल 18.6 टक्के. कोरडी घनता 1.73.

मे मध्ये 1.807, ऑक्टोबरात 1.73. माती कुठे गेली नव्हती. तिने पाणी पिऊन साडेचार टक्के जास्त जागा घेतली होती. 0/600 ला अ ची घनता 1.85 आणि ओल 12.1 टक्के, म्हणजे पावसाळा झाल्यावरही जवळपास होती तिथेच.

ताकद

सीबीआर म्हणजे 50 मिमी व्यासाचा दांडा मिनिटाला 1.25 मिमी या वेगाने मातीत घुसवायचा आणि 2.5 व 5 मिमीला किती भार लागला ते प्रमाण खडीच्या 1,370 आणि 2,055 किलोंशी ताडून पाहायचं. कॅलिफोर्नियातली जुनी, ओबडधोबड चाचणी; पण साचा कसा भरला आणि कसा ठेवला यावर उत्तर किती बदलतं ते ब ने दाखवलं.

150 मिमी व्यासाचा साचा, तळाशी 47.7 मिमीची स्पेसर डिस्क, वर नमुन्याची उंची 127.3 मिमी, घनफळ 2,250 घसेमी. 1.80 घनता आणि 15 टक्के ओलीला साच्यात नेमका 4,657 ग्रॅम ओला माल बसला पाहिजे. तयारीला 5 किलो हवेत सुकलेला माल घेतला आणि त्यात आधीचीच 4 टक्के ओल असेल, तर वरून 529 ग्रॅम पाणी लागतं. 5,000 चे सरळ 15 टक्के काढून 750 घातलं की नमुना 4.6 टक्के जास्त ओला होतो. पाणी कालवून माल रात्रभर पिशवीत बांधून ठेवावा. चिकण मुरूम पाणी हळू पितो. लगेच ठोकला तर ढेकळाबाहेर चिखल आणि आत धूळ.

तीन ओली घेतल्या. प्रत्येकी तीन साचे न भिजवता, तीन 96 तास भिजवून. सरासरी अशी :

13 टक्के ओल, घनता 1.80 — न भिजवता 19, भिजवून 2.9, फुगवटा 3.8 टक्के.
15 टक्के ओल, घनता 1.80 — न भिजवता 11, भिजवून 4.6, फुगवटा 1.9 टक्के.
16.5 टक्के ओल, घनता 1.78 — न भिजवता 7, भिजवून 4.9, फुगवटा 1.2 टक्के.

पहिली ओळ पुन्हा वाचण्यासारखी आहे. तीच ओल, तीच घनता, जी मे महिन्यात 1/250 ला होती. न भिजवता तो नमुना सर्वात दणकट आणि भिजवल्यावर सर्वात लुळा. 19 चे 2.9. तुलनेला अ : ओएमसीवर न भिजवता 17, भिजवून 12. फाइलीतला 17 हा आकडा खोटा नव्हता. तो अ चा होता आणि कोरडा होता.

हे का होतं? ओएमसीपेक्षा कोरड्या बाजूला दाबलेल्या चिकणमातीत ढेकळं ढेकळंच राहतात. रोलर त्यांना घट्ट चेपतो, घनता मिळते, पण ढेकळांमधल्या बारीक वाटा उघड्या असतात आणि ढेकळाच्या आत पाण्याची जबर ओढ असते. कोरडेपणी तीच ओढ मातीला धरून ठेवते, म्हणून ताकद भरपूर दिसते. पहिलं मुबलक पाणी लागलं की ओढ संपते, चिकणमाती फुगते, ढेकळं विरघळतात. ओल्या बाजूला दाबलं तर ढेकळं मळली जातात, वाटा बुजतात. सुरुवातीची ताकद कमी, पण गमवायला उरतंही कमीच. घनतेच्या आकड्यात हा फरक दिसत नाही, कारण घनता फक्त किती माल बसला ते सांगते, कसा बसला ते नाही.

निकषांनीही याला आडकाठी केली नसती. सर्वसाधारण मातीला ओएमसीच्या 2 टक्के खाली ते 1 टक्का वर अशी मुभा आहे. 15 च्या ओएमसीला 13 ही बरोबर कडेची ओल. फुगणारी चिकणमाती ओल्या बाजूलाच दाबावी असं निकषांत आहे, पण ब कागदावर ‘फुगणारी’ नव्हती.

मे महिन्यात इथे कोरडं दाबलं जाणं हा कुणाचा आळस नसतो, तो हिशोब असतो. 100 मीटर लांब, 7.5 मीटर रुंद, 150 मिमी जाडीच्या एका थरात साधारण 202 टन कोरडा माल. खदानीतून तो 6 टक्के ओलीने आला आणि 15 वर न्यायचा, वर वाफेचा एक टक्का धरला, तर 20 हजार लिटर पाणी : पाच हजारी टँकरच्या चार फेऱ्या, एका थराला. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेलेल्या, टँकर पिण्याच्या पाण्याला गुंतलेले, पारा 45 च्या वर. सकाळी दहाला पाणी मारलं आणि दुपारी दोनला रोलर आला, तर मधल्या वेळेत दोन टक्के सहज उडतात. संध्याकाळी पाणी मारून रात्रभर मुरू द्यावं, पहाटे ओल मोजावी आणि नऊच्या आत रोलिंग आटपावं, हाच उपाय. तो माहीत सगळ्यांना असतो.

चाचणी करताना चुकतं कुठे, तेही पाहू. ब सारख्या भिजलेल्या नमुन्याला 2.5 मिमीला जेमतेम 40 किलो भार लागतो. 50 किलोन्यूटनच्या प्रोव्हिंग रिंगचा (भार मोजणाऱ्या कड्याचा) एक भाग सहा किलोच्या आसपास असेल तर काटा साडेसहा भागच हलतो. एक भाग वाचायला चुकला की सीबीआर 0.4 ने बदलतो, आणि 2.9 चा 3.3 होतो. कमजोर मातीला 10 किलोन्यूटनची रिंग लावावी. भिजवताना वर ठेवायची वजनं प्रत्येकी अडीच किलोची, किमान दोन; वरच्या थरांच्या वजनाइतकी असावीत. एक वजन साधारण 70 मिमी थराच्या बरोबरीचं, म्हणजे 320 मिमीला चार ते पाच. इथे चार ठेवली. काहीजण भिजवताना वजनं ठेवतात आणि दांडा घुसवताना विसरतात. टाकीतून काढल्यावर साचा 15 मिनिटं निथळू द्यायचा. आणि 96 तास म्हणजे 96 तास : बुधवारी ठेवून शनिवारी ‘सुट्टी आहे’ म्हणून काढलेला नमुना बहात्तर तासांचा असतो, आणि चिकण मुरूम चौथ्या दिवशीही फुगत असतो. डायल गेजची नोंद रोज ठेवली की ते दिसतं.

तीन साच्यांच्या निकालांत 5 पर्यंतच्या सीबीआरला एकमेकांत 1 पेक्षा, 5 ते 10 ला 2 पेक्षा जास्त फरक आला तर सरासरी काढू नये, सहा साचे करावेत. 5 मिमीचा सीबीआर 2.5 मिमीच्यापेक्षा जास्त आला तर चाचणी पुन्हा. परत तसाच आला तर 5 मिमीचा धरावा.

डीसीपी

खड्ड्यांशेजारी डीसीपीही (शंकू ठोकून मातीची ताकद जोखायचं साधन) ठोकला : 8 किलोचा हातोडा, 575 मिमी उंची, 60 अंशांचा 20 मिमी शंकू. 1/250 ला 280 मिमी जायला पाच ठोके, म्हणजे ठोक्याला 56 मिमी. आयआरसी 37 मधल्या समीकरणाने (लॉग सीबीआर बरोबर 2.465 वजा 1.12 गुणिले लॉग ठोक्याची खोली) 3.2 येतो. 0/600 ला ठोक्याला 16 मिमी, म्हणजे 13. प्रयोगशाळेतल्या भिजवलेल्या नमुन्यांशी दोन्ही जुळले.

डीसीपी झटपट आहे, म्हणून धोकादायकही. हाच डीसीपी मे महिन्यात 1/250 ला ठोकला असता तर ठोक्याला 12 मिमीच्या आसपास गेला असता आणि सीबीआर 18 दिसला असता. उन्हाळ्यातला डीसीपी एकसारखेपणा तपासायला वापरावा, ताकद ठरवायला नाही. त्या जोडीला जागेवरच एकबिंदू प्रॉक्टर केला असता तर माल बदलल्याचं त्याच दिवशी कळलं असतं : घनतेच्या खड्ड्यातलाच माल, आहे त्या ओलीला, एका साच्यात ठोकायचा आणि तो बिंदू मूळ आलेखावर बसतो का पाहायचा. नाही बसला, तर माल तो नव्हे. पंधरा मिनिटांचं काम.

पाणी आलं कुठून

कमजोर सबग्रेडही कोरडा राहिला असता तर टिकला असता. जीएसबी फक्त डांबराच्या रुंदीइतका होता आणि साईडपट्ट्या त्याच काळ्या मातीने भरलेल्या. म्हणजे पाणी वाहून नेणारा थर दोन्हीकडून न झिरपणाऱ्या मातीत कोंडलेला. वरच्या भेगांतून आणि कडेने आत गेलेलं पाणी बाहेर निघायला जागा नाही. त्यात वावरात ट्रॅक्टर न्यायला सात ठिकाणी नाली माती टाकून बुजवलेली, पाइपाविना. नाल्याकडच्या सखल भागात नालीत पाणी दिवाळीपर्यंत उभं होतं. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. अंदाजपत्रकात वावराच्या वाटांना पाइपच धरला नव्हता.

दुरुस्ती

दोन पर्याय होते. पाचशे मीटरमधला 1,125 घनमीटर ब काढून अ भरायचा : दाबलेले जवळपास 400 ब्रास, सैल मोजले तर पाचशेच्या वर, आणि तेवढंच काढून टाकायचं. किंवा ब लाच चुना मुरवायचा. 3 टक्के विरवलेल्या चुन्याने ब ची कमाल घनता 1.74 वर उतरली, ओएमसी 17.5 वर गेली (चुन्याने असंच होतं, घाबरू नये) आणि ओल टिकवून क्युरिंग केल्यावर भिजवलेला सीबीआर 18 आला. प्रमाण ठरवायला मातीचा पीएच पाहतात. चुना घालत जाऊन तो 12.4 ला स्थिरावतो तिथे थांबायचं. अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यात हा उपाय डोळे मिटून करू नये, आधी सल्फेट तपासावं. सल्फेट असलेल्या मातीत चुना स्वतःच फुगवटा आणतो.

चुन्याचा पर्याय घेतला. खडीचे थर उचलून बाजूला ठेवले. वरचा 150 मिमी ब काढून कडेला ढीग केला, खालचा 150 मिमी जागेवर, मग ढीग परत पसरून वरचा. 100 मीटरच्या एका थराला 5.9 टन चुना, म्हणजे चौरस मीटरला 7.8 किलो. जमिनीवर 1.8 मीटरचे चौकोन आखून प्रत्येकात 25 किलोची एक गोणी फोडली. वजनकाट्याशिवाय याहून अचूक पसरता येत नाही. मिसळायला ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर, दोन फेऱ्या कोरड्या, दोन पाणी मारून. रोटाव्हेटर 150 मिमीच्या खाली नीट जात नाही, म्हणूनच दोन थर. मिसळलेला थर त्याच दिवशी दाबायचा, सात दिवस ओला ठेवायचा. माणसांना गॉगल, हातमोजे आणि तोंडाला फडकं. वाऱ्याच्या दिवशी काम बंद.

जीएसबी आता उतारापर्यंत पूर्ण रुंदीत नेला, साईडपट्टीला अ मुरूम घातला, सातही वाटांखाली पाइप टाकले आणि नालीला नाल्यापर्यंत उतार दिला. घनता सँड रिप्लेसमेंटने, ओल ओव्हनने, दर दिवशी एकबिंदू प्रॉक्टर, आणि सीबीआरच्या कागदावर ‘96 तास’ ठळक.

पुढच्या सप्टेंबरात पाच ठिकाणी थर कोरून डीसीपी ठोकला : ठोक्याला 12 ते 15 मिमी, म्हणजे ऐन पावसाळ्यात 14 ते 18. चाकाच्या पट्ट्या बसल्या नाहीत. 1/150 च्या डाव्या कडेला मात्र मार्चमध्ये केसाएवढी समांतर भेग परत आली. ती सबग्रेडची नाही. तिच्याखालची काळी माती उन्हाळ्यात कडेकडून सुकून आक्रसते आणि वरचं सगळं सोबत ओढते. ती डांबराने भरून घेतली, दर उन्हाळ्यात भरावी लागेल.